कमलताईंच्या नावावरचे सहा धडे

माझ्या हातून किती माणसं बरी झाली हे मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण किती जणांनी धडे पुरे केले याचा आकडा मात्र होता, आणि तो दर सोमवारी पुण्याच्या ऑफिसात मोठ्या पडद्यावर झळकायचा. या दोन गोष्टी एकच नाहीत, हे कळायला मला पिंपळवंडीपर्यंत जावं लागलं.

या अंकाच्या संपादकांनी ‘नोकरीतले अनुभव लिहा’ म्हटलं, तेव्हा आरोग्यसेविका म्हणून काढलेल्या माझ्या तेहतीस वर्षांबद्दल मी लिहीन असं त्यांना वाटलं असणार. लसी, बाळंतपणं, डोंगरातल्या वाड्यांवर चालत जाणं. ते सगळं मी घरात इतक्यांदा सांगितलंय की आता मी तोंड उघडलं की सून चहा टाकायला उठते. म्हणून निवृत्तीनंतरच्या दोन वर्षांच्या नोकरीबद्दल लिहिते. ही नोकरी मी मंचरला घरी, खुर्चीत बसून, कानाला फोन लावून केली.

काम असं होतं. एका संस्थेनं चिंता आणि नैराश्य असणाऱ्यांसाठी मोबाइलवर आठ आठवड्यांचा उपचार काढला होता. आठवड्याला एक धडा. तो वाचायचा, ऐकायचा आणि सांगितलेला गृहपाठ करायचा. प्रत्येक धड्याआधी नऊ प्रश्न असत. झोप लागते का, भूक आहे का, कामात मन लागतं का, असे. नववा प्रश्न जड होता. जगण्यापेक्षा मेलेलं बरं, असा विचार येतो का? उत्तरादाखल चार बटणं होती, ‘अजिबात नाही’पासून ‘जवळजवळ रोज’पर्यंत.

उपचार चांगला होता, हे आधीच सांगून टाकते. झोप उडाली होती तेव्हा मी स्वतः तो केला आणि मला गुण आला. अडचण एवढीच होती की लोक उत्साहानं नाव नोंदवत, दोन धडे करत आणि तिसऱ्याला गायब होत. याला ऑफिसात ‘गळती’ म्हणायचे. ती थांबवायला माझी नेमणूक झाली. पदाचं नाव होतं ‘सोबती’. पडद्यावर प्रत्येक पेशंटच्या नावापुढे एक ठिपका असे. धडा झाला की हिरवा, रखडला की पिवळा, दोन आठवडे चुकले की लाल. माझ्याकडे साठ ठिपके होते.

मला हे काम सोपं वाटलं. क्षयाच्या गोळ्या मी माणसांना सहा-सहा महिने डोळ्यादेखत गिळायला लावल्या आहेत. गोळी तोंडात, वर पाणी, आता आ करा, जीभ वर करा. एक म्हातारा गोळी गालात धरून ठेवायचा आणि मी वळले की तुळशीत थुंकायचा. त्यालाही मी पुरून उरले. तेव्हा धडा म्हणजे काय, मोबाइलमधली गोळीच. मी फोन लावायची आणि विचारायची, “झाला का धडा?” झाला म्हटलं की पुढचा नंबर. तीन महिन्यांत माझे ठिपके इतके हिरवे झाले की पुण्याच्या मॅडमनी बैठकीत माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या, हुशार, पण त्यांनी पेशंट असा कधी पाहिला नव्हता, ठिपकेच पाहिले होते. मी पेशंट पाहिलेले होते आणि तरी ठिपके मोजत बसले, म्हणजे दोष माझाच जास्त.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार होती. आळेफाट्याच्या एका गॅरेजवाल्याची छाती धडधडायची. धड्यातला श्वासाचा व्यायाम त्यानं गॅरेजच्या मोठ्या स्पीकरला जोडला. “श्वास आत घ्या, रोखा, हळूच सोडा,” असं एक बाई मऊ आवाजात हायवेला ऐकू जाईल एवढ्यानं सांगायची आणि ट्रकखाली आडवे पडलेले मिस्त्री श्वास सोडायचे. टायर बदलायला थांबलेल्या एका ड्रायव्हरनं मला फोन करून कॅसेट कुठे मिळेल विचारलं. पण सगळ्यांचे हात संथ चालायला लागल्यावर गिऱ्हाइकं कुरकुरली आणि मालकानं तिसऱ्या धड्याला स्पीकर बंद केला. तीन मिस्त्री आणि एक ड्रायव्हर यांना थोडाफार गुण आला, पण नोंद मालकाची, आणि ती लाल.

जुन्नरचे रफिकभाई लेडीज टेलर. त्यांना सारखी काळजी, कापड कापायला घेतलं की हात थरथरायचा. त्यांनी नाव नोंदवलं आणि त्याच दुपारी आठही धडे संपवून मला फोन केला. ईदच्या आधी एका दिवसात आठ ब्लाउज शिवून देणाऱ्या माणसाला आठ धड्यांचं काय कौतुक, असं त्यांचं म्हणणं होतं. पडद्यावर आठ हिरवे ठिपके उमटले आणि मॅडम खूश झाल्या. मी रफिकभाईंना समजावलं की कापड भिजवून वाळवायला वेळ द्यावा लागतो, तसा इथेही दोन धड्यांमध्ये आठवडा जाऊ द्यावा लागतो. ते त्यांना पटलं. मग त्यांनी पहिल्यापासून सगळे धडे सावकाश केले आणि हाताची थरथर थांबली. पण पडद्याच्या लेखी ते पहिल्याच दिवशी बरे झालेले असल्यामुळे या दुसऱ्या खेपेची नोंद कुठेच नाही.

आता कमलताई. माझ्या साठ ठिपक्यांतला सगळ्यात हिरवा ठिपका त्यांचा.

पिंपळवंडीच्या ग्रामपंचायतीत मी या उपचाराची माहिती द्यायला गेले होते. बायका आल्या, ऐकलं, गेल्या. सतरंजी गुंडाळायला घेतली तेव्हा मागे भिंतीला टेकून उभा असलेला एक गृहस्थ पुढे आला. पन्नाशीचा, पांढरी टोपी, नाव बबनराव. घरात पूर्वापार मेंढरं, आता शेती. त्याला बायकोचं नाव घालायचं होतं. तिला झोप नाही, जेवण जात नाही, कशातच राम वाटत नाही, असं त्यानं खाली बघत सांगितलं. बायकोची एवढी काळजी करणारा नवरा पाहून मला भरून आलं. मी त्याच्या फोनवर कमलताईंचं नाव नोंदवून दिलं.

पहिल्याच आठवड्यात नवव्या प्रश्नाला कमलताईंचं उत्तर आलं, ‘जवळजवळ रोज’. असं उत्तर आलं की त्याच दिवशी फोन करायचा, हा नियम. मी लगेच केला. बबनरावांनी उचलला. आता दुसरा नियम असा की बोलायचं ते पेशंटशीच, घरच्यांशी नाही, कारण घरचे उत्तरं पढवतात. म्हणून मी त्यांना म्हटलं, पेशंटला द्या. फोन कमलताईंकडे गेला. मी हळूहळू विषयाकडे येत त्यांना तो प्रश्न विचारला, तर त्या खळखळून हसल्या. “मला कशाला मरावं वाटंल, सिस्टर? अजून कांदा काढायचाय.” आवाज खणखणीत. मी म्हटलं, मग चुकून दाबलं गेलं असेल बटण. त्या म्हणाल्या, आसंल. आणि मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘चुकून दाबले गेले’.

त्यानंतर धडे शिस्तीत व्हायला लागले. दर शुक्रवारी हिरवा. मी फोन करायची, बबनराव उचलायचे, कमलताईंना द्यायचे, त्या म्हणायच्या झाला धडा. काही शंका आहे का विचारलं की थोडी शांतता, मग प्रश्न. पहाटे जाग आली तर पडून राहायचं का उठायचं? शांतता. काम करताना मधेच रडू फुटलं तर? मला प्रशिक्षणात शिकवलं होतं की नैराश्यात माणसाचं बोलणं मंदावतं, उत्तर उशिरा येतं. मी वहीत तसं लिहूनही ठेवलं.

चौथ्या धड्यात आपली भीती लिहायची असते. नमुना म्हणून पुण्यातल्या एका बाईची लिफ्टची भीती दिली होती. कमलताईंच्या नावानं उत्तर आलं, ‘उसात बिबट्या हाय, मेंढरं घेऊन जायाला भ्या वाटतं.’ त्यावर उपचारानं आपोआप विचारलं, ‘छान! या विचाराला पुरावा काय?’ उत्तरात पंजाच्या ठशाचा फोटो आला, शेजारी मापाला काडेपेटी ठेवलेली. उपचारानं सांगितलं, ‘आपलं मन कधी कधी धोका मोठा करून दाखवतं. भीतीच्या जागी रोज पाच मिनिटं एकटं उभं राहून पाहा.’ आमच्या भागात ऊस म्हणजे बिबट्याचं घरच. मी घाईनं फोन करून तो गृहपाठ रद्द करवला. मॅडमना कळवलं तेव्हा त्यांनी विचारलं, पेशंटनं तो गृहपाठ केला असता तर ठिपका कुठला झाला असता? हा प्रश्न त्यांनी खरंच विचारला.

सहाव्या धड्यापर्यंत, नऊ प्रश्नांच्या उत्तरांवरून निघणारा कमलताईंच्या त्रासाचा आकडा एकोणिसावरून सातवर आला. देणगीदार येणार होते, त्यांना दाखवायला बरं झालेल्या पेशंटचा व्हिडिओ हवा होता. मॅडमनी कमलताईंना निवडलं. मी फोन करून ही आनंदाची बातमी दिली. पलीकडून फोन कटला. त्या शुक्रवारी ठिपका पिवळा. पुढच्या शुक्रवारी लाल. फोन कुणी उचलेना.

लिहायला लाज वाटते, पण मी पिंपळवंडीला गेले ती काळजीनं नाही. माझा सगळ्यात हिरवा ठिपका लाल झाला होता, त्याच्यासाठी गेले. नारायणगावला एसटी बदलली आणि फाट्यावरून चालत घर गाठलं. कमलताई अंगणात शेंगा तोडत होत्या. मला बघून मनापासून हसल्या, पाणी दिलं. मी बसले आणि थेट विचारलं, सातवा धडा का राहिला?

“कंचा धडा?” त्या म्हणाल्या.

मी सांगितलं, मोबाइलवरचा. त्यांनी शेंगा टोपलीत टाकल्या आणि पदराला हात पुसले. “सिस्टर, तुमच्याशी खोटं बोलवत न्हाई. मला त्यो फोन लावता बी येत न्हाई. मालक म्हणलं, सिस्टरचा फोन आला की झाला धडा म्हणायचं. आन मधी कायतरी कानात सांगायचे, ते इचारायचं. मला वाटलं, गॅसवाणी कायतरी बायकांच्या नावानं मिळत आसंल.”

मग धडे केले कुणी, हे विचारायची गरज नव्हती, तरी मी विचारलं. त्यांनी हनुवटीनं घरामागच्या मेंढरांच्या जाळीकडे खूण केली.

आमच्याकडे बाई सरपंच झाली की कारभार नवरा बघतो, हे मला ठाऊक होतं. बायकोच्या नावावरचं आजारपणही नवराच बघतो, हे नवीन होतं. मला हसू यायला लागलं. आणि हसता हसताच ते पहिल्या आठवड्याचं उत्तर आठवलं. जवळजवळ रोज. चुकून काहीच दाबलं गेलं नव्हतं.

बबनराव जाळीजवळ दगडावर बसले होते. दीडशे मेंढरं होती त्यांची. मुलगा चाकणला कंपनीत लागला, कळपामागे फिरायला कुणी उरलं नाही, म्हणून आदल्या वर्षी विकली. आठ ठेवली होती. त्यांनी मला बसायला पोतं टाकलं. मी तेहतीस वर्षं माणसांना नको नको ते विचारलंय, पण तेव्हा मी मेंढरांकडे नजर वळवली. विचारलं, जीव द्यायचा विचार येतो का?

“आता लई न्हाई,” ते म्हणाले. “तवा रोज यायचा. हिरीवर मोटार चालू कराया गेलं की यायचा. त्या दिशी तुमचा फोन आला, तवा मनात म्हणलं, ह्या बाईनं इचारलं की सांगून टाकायचं. पर तुमी म्हणला, पेशंटला द्या. मी हिच्याकडं दिला.”

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“स्पीकर चालूच व्हता. तुमी म्हणला, चुकून दाबलं गेलं आसंल. मी बी म्हणलं, आसंल.”

मग ते सावकाश सांगत गेले. दुसऱ्या धड्यात सांगितलं होतं की एक आवडीचं काम रोज ठरल्या वेळेला करायचं. यादीत बागकाम, संगीत आणि मित्रांबरोबर कॉफी होती. त्यांनी आठ मेंढरं घेऊन सकाळी निघायला सुरुवात केली. त्यानं फरक पडला. धडे सोडायचे नव्हते, पण कॅमेरा येणार म्हटल्यावर बोलणार कोण? स्वतःच्या नावानं का नाही नोंदवलं, असं मी विचारलं. ते म्हणाले, गड्याच्या नावानं असलं काही निघालं तर उद्या पावणं काय म्हणतील. बाईच्या नावाला कोण बघतंय.

कमलताई चहा घेऊन मागे कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या ते आम्हाला कळलं नाही. त्यांनी सगळं ऐकलं होतं. कपबश्या खाली ठेवल्या आणि नवऱ्याकडे बघत म्हणाल्या, “घर तुमच्या नावावर, रान मामंजींच्या नावावर. माझ्या नावावर पैल्यांदा कायतरी केलं, तर ते दुखणं. आन ते बी माझं न्हाई.” मग आवाज फुटला. “हिरीचं मला सांगायचं व्हतं. मी काय परकी हाय का?”

बबनराव रडले. मीही रडले. मेंढरं तेवढी खात राहिली.

तिथूनच मी मॅडमना फोन लावला. त्यांनी सांगितलं की पेशंटचं नाव बदलायची सोय पडद्यात नाही. कमलताईंची नोंद ‘उपचार सोडला’ अशी बंद होणार आणि बबनरावांना नव्यानं, पहिल्या धड्यापासून सुरू करावं लागणार. म्हणजे सहा धडे करून बऱ्यापैकी सुधारलेला माणूस हिशेबात नव्हताच, आणि ठणठणीत बाई उपचार अर्धवट टाकून गेलेली ठरली. मी माझी चूकही त्यांना लेखी कळवली. ती त्यांनी अहवालात ‘शिकण्यासारखे काही’ या मथळ्याखाली घातली. व्हिडिओ शेवटी रफिकभाईंचा झाला. आठ धडे एका दुपारी कसे संपवले, ते त्यांनी त्यात अगदी झकास सांगितलंय.

आम्ही तिघं दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात गेलो. मोबाइलच्या धड्यांवर भागणारं हे दुखणं नव्हतं, डॉक्टरांनी बघायलाच हवं होतं. केसपेपरच्या खिडकीत कारकुनानं विचारलं, “पेशंटचं नाव?” बबनरावांनी सवयीनं बायकोकडे पाहिलं. कमलताई समोरच्या लसीकरणाच्या तक्त्यावरून नजर हलवेनात. मागे रांग होती, रांगेत ओळखीची माणसं होती. कारकुनानं पुन्हा विचारलं. मग बबनरावांनी टोपी सरळ केली आणि स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, वडलांच्या नावासकट.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि धडेही चालू ठेवायला सांगितले. बबनरावांनी पहिल्यापासून सुरुवात केली. कधी शुक्रवार चुकायचा, मग रविवारी धडा व्हायचा. कमलताई शेजारी बसून ऐकायच्या आणि लिफ्टच्या बाईचा भाग आला की मोठ्यानं हसायच्या. ठिपका कधी हिरवा, कधी पिवळा. मी पडदा बघायचं सोडून दिलं होतं. माझे एकूण हिरवे ठिपके घटले आणि बैठकीतल्या टाळ्या दुसऱ्या कुणाला तरी गेल्या.

फोन मात्र चुकवला नाही. पाचव्या धड्याच्या आठवड्यात एका दुपारी लावला, तर पहिल्याच घंटीला बबनरावांनी उचलला. मी सवयीनं विचारलं, “झाला का धडा?”

“झाला,” ते म्हणाले. “पर सिस्टर, आधी नववा प्रश्न इचारा. मंगळवारी आला व्हता इचार. हिला सांगितलंय. आता तुमाला सांगायचाय.”

मी पेन खाली ठेवलं आणि तो प्रश्न शब्दन् शब्द विचारला. ते बराच वेळ सांगत होते. त्या दिवशी उरलेले फोन मी केले नाहीत.